बॅरा बेटावर काय पाहाल?



आपल्या धर्मग्रामातील एक तरुण नोकरीनिमित्त ग्लासगो शहरात राहतो. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. "फादर, चार दिवसांची सुट्टी आहे. इथून पश्चिमेला बॅरा नावाचं एक बेट आहे, बहुतेक वस्ती कॅथलिक आहे म्हणतात. तिथं पाहण्यासारखं काय आहे?" मी त्याच्याकडून दोन दिवसांची मुदत मागून घेतली. मी स्वतः तिथे गेलेलो नाही. मात्र सेमिनरीत संत व्हिन्सेंट डी पॉल यांचे चरित्र वाचताना या बेटांची प्रथम ओळख झाली, आणि तेव्हापासून त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत आलो आहे. त्याला जे सांगितले तेच इथे थोडे विस्ताराने मांडतो. (इंग्रजी स्पेलिंग पाहून 'बारा' म्हणू नका, नाहीतर बाकीची अकरा बेटे कोणती, असे कोणीतरी विचारील!)

स्कॉटलंडच्या वायव्येला आउटर हेब्रिडीज नावाची बेटांची एक लांबच लांब माळ आहे. तिच्या दक्षिण टोकाशी बॅरा आहे. वस्ती बाराशेच्या आसपास. बेटाला वळसा घालणारा रस्ता जेमतेम वीस किलोमीटरचा, म्हणजे सायकलवर एका दिवसात बेट पालथे घालता येते. ओबन बंदरातून बोटीने निघालात तर कॅसलबे गावी पोचायला जवळजवळ पाच तास लागतात. ग्लासगोहून छोटे विमान सव्वा तासात पोचवते. पण ते उतरते कुठे, ते ऐका.

ते उतरते समुद्राच्या पुळणीवर. बेटाच्या उत्तर भागात त्राय व्होर नावाची रुंद, घट्ट वाळूची पुळण आहे. १९३६ पासून तीच तिथली धावपट्टी. भरतीच्या नियमित पाण्याखाली जाणाऱ्या पुळणीवर वेळापत्रकाप्रमाणे प्रवासी विमाने उतरवणारा जगातला हा एकमेव विमानतळ, असे सांगितले जाते. धावपट्ट्या तीन, त्यांची टोके दाखवायला लाकडी खांब रोवलेले आहेत. भरती आली की तिन्ही पाण्याखाली. म्हणून विमानाचे वेळापत्रक भरती-ओहोटी पाहून ठरवावे लागते. विमान नसते तेव्हा याच वाळूत लोक कॉकल, म्हणजे आपल्या तिसऱ्यांसारख्या शिंपल्या, वेचतात. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबावर फडकत असेल, तेव्हा मात्र पुळणीवर पाय ठेवायचा नाही. पर्यटक हे सारे पाहायला मुद्दाम येतात, फोटो काढतात आणि पुष्कळदा तिथूनच परत फिरतात.

मी त्या तरुणाला म्हटले, तू तिथून फिरू नकोस. थोडा उत्तरेकडे चालत जा. तिथे किल्या व्हॅरा आहे, म्हणजे संत बार यांचे चर्च. बेटाचे नावही याच संतावरून पडले, अशी परंपरा आहे. आज तिथे पडक्या भिंती आणि कबरस्तान आहे. एका लहान चॅपेलवर पुन्हा छप्पर घातले आहे. त्यात एका जुन्या शिळेची प्रतिकृती ठेवलेली आहे. शिळेच्या एका बाजूला क्रूस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्स लोकांची रून लिपी. स्टाइनार नावाच्या माणसाच्या मुलीच्या स्मरणार्थ हा क्रूस उभारला, एवढाच मजकूर. मूळ शिळा एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लुटारू म्हणून आलेल्या नॉर्स लोकांनी इथे संसार मांडले, बाप्तिस्मा घेतला आणि मुलीच्या कबरीवर क्रूस उभा केला. तीनशे वर्षांचा इतिहास एका दगडात मावला आहे.

याच कबरस्तानात कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेन्झी यांना १९७२ साली पुरले. त्या दिवशी पाऊस आणि वारा होता. बॅगपाइप वाजवत शवपेटीपुढे चालणारा म्हातारा वादक कबरीपाशीच कोसळला आणि गेला.

या चर्चची खरी गोष्ट मात्र याहून जुनी आहे, आणि माझ्या मते बॅराला जाणाऱ्या प्रत्येकाने ती आधी वाचावी. १६९५ च्या सुमारास मार्टिन मार्टिन नावाचा एक गृहस्थ ही बेटे हिंडला. त्याने लिहिलेले प्रवासवर्णन १७०३ मध्ये प्रसिद्ध झाले. हा माणूस परका नव्हता. जवळच्याच स्काय बेटाचा, तीच गेलिक भाषा बोलणारा. पण प्रॉटेस्टंट होता. त्याला समजले की, या चर्चच्या वेदीवर संत बार यांचा लाकडी पुतळा आहे आणि लोक त्याला तागाचे वस्त्र नेसवतात. पुतळा पाहायचा म्हणून तो भल्या पहाटे तिथे गेला. वेदी रिकामी होती! गावकऱ्यांनी पुतळा आधीच हलवला होता. तो पाठमोरा झाला तसा पुतळा पुन्हा वेदीवर आला. आधीच्या काही पाहुण्यांनी थट्टा केली होती, तशी हाही करील, अशी लोकांना भीती होती, असे त्याने स्वतःच प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे.

भीती का असावी, तेही समजून घेऊ या. १५६० साली स्कॉटलंडच्या संसदेने पोपमहाशयांचा अधिकार आणि मिस्सा या दोन्ही गोष्टींवर बंदी घातली. त्यानंतर कित्येक वर्षे या दूरच्या बेटांवर धर्मगुरू जवळजवळ नव्हतेच. १६२० च्या दशकात आयर्लंडमधून फ्रान्सिस्कन मिशनरी पोचले. पुढे १६५१ मध्ये संत व्हिन्सेंट डी पॉल यांनी आपल्या संस्थेतले दोन आयरिश धर्मगुरू स्कॉटलंडला पाठवले. त्यांपैकी फादर डर्मट डगन बेटांकडे आले. पायी आणि होडीने हिंडायचे. खायला ओटची भाकरी, सोबत चीज किंवा खारे लोणी, तेही रोज मिळेलच असे नाही. १६५७ मध्ये शेजारच्या युइस्ट बेटावर त्यांचा अंत झाला. मधल्या रिकाम्या वर्षांत श्रद्धा टिकवली ती घरातल्या आईबापांनी, आजीआजोबांनी. पुतळा लपवणारे लोक याच माणसांचे नातू-पणतू होते. त्यांना अंधश्रद्धाळू म्हणणे सोपे आहे. मला तर ते शहाणे वाटतात: कोणाला काय दाखवायचे हे त्यांना कळत होते.

ॲरिस्टॉटलने आपल्या 'मेटाफिजिक्स' ग्रंथाच्या आरंभीच म्हटले आहे की, माणसाला जाणून घेण्याची ओढ उपजतच असते आणि सर्व इंद्रियांत त्याला डोळे अधिक प्रिय असतात. संत ऑगस्टीन मात्र डोळ्यांच्या हावेविषयी सावध करतात. बॅराच्या रिकाम्या वेदीसमोर दोघेही आठवतात. मार्टिन चांगला निरीक्षक होता, तरीही त्याला पुतळा दिसला नाही.

आता कॅसलबे गावाच्या मागे असलेल्या हीवल डोंगराकडे या. उंची ३८३ मीटर. माथ्याच्या थोडे खाली, गावाकडे आणि समुद्राकडे तोंड करून बाळ येशूला घेतलेल्या पवित्र मरियेचा पांढराशुभ्र पुतळा आहे. पोप बारावे पायस यांनी जाहीर केलेल्या मरिया वर्षात, १९५४ साली, तो उभारला गेला. ज्या बेटावर संताचा पुतळा पाहुण्यापासून लपवावा लागला, त्याच बेटावर आज माउली उघड्या डोंगरावर उभी आहे. चढ उभा आहे आणि पावसानंतर वाट निसरडी होते. चांगले बूट हवेत. खाली गावात १८८८ चे 'समुद्रतारा पवित्र मरिया' चर्च आहे.

चर्चच्या पायथ्याशी, खाडीतल्या खडकावर, किसिमुल किल्ला आहे. चहूबाजूंनी पाणी. हा मॅकनील सरदारांचा किल्ला. अमेरिकेत वाढलेल्या त्यांच्या एका वारसाने १९३७ मध्ये तो विकत घेऊन दुरुस्तीला काढला. काम १९७० पर्यंत चालले. २००० साली तो एक हजार वर्षांच्या भाडेपट्ट्याने सरकारी पुरातत्त्व संस्थेला दिला. भाडे वर्षाला एक पौंड आणि व्हिस्कीची एक बाटली! अलीकडे दुरुस्तीसाठी किल्ला बंद ठेवला गेला आहे, म्हणून आधी चौकशी करावी. काठावरूनही तो चांगला दिसतो.

किल्ला सुंदर आहे, पण सरदारांचे दिवाळे निघाले तेव्हा भोगले ते रयतेने. बेट गॉर्डन ऑफ क्लूनी नावाच्या धनिकाकडे गेले. १८५१ मध्ये त्याने बॅरा, साऊथ युइस्ट आणि आसपासच्या बेटांवरील सुमारे १,७०० माणसे जहाजांत घालून कॅनडाला रवाना केली. काहींना तर बांधून नेले, असे त्या काळचे वृत्तांत सांगतात. पुढे ही मालमत्ता त्याच्या सुनेकडे आली. चोपन्न वर्षांत बाई एकदाच इकडे फिरकल्या म्हणतात.

दक्षिणेला व्हॅटरसे बेट आहे; १९९१ पासून बांधावरून गाडीरस्ता जातो. हे सबंध बेट एकच मोठे शेत म्हणून राखलेले होते, आणि शेजारी बॅरा व मिंग्युले बेटांवरच्या माणसांना बटाटे लावायला जमीन नव्हती. एका दिवसात झोपडी उभारून चूल पेटवली की जागा आपली, अशी जुनी समजूत होती. त्या भरवशावर लोक व्हॅटरसेवर उतरले. १९०८ मध्ये दहा जणांना एडिंबरोच्या तुरुंगात पाठवले. गाजावाजा झाला आणि १९०९ मध्ये सरकारला बेट विकत घेऊन जमीन वाटावी लागली. आज तिथे जी घरे दिसतात, त्यांच्या मुळाशी हे बटाटे आहेत.

व्हॅटरसेच्या पश्चिम किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्यांत एक साधा स्मारकस्तंभ आहे. २८ सप्टेंबर १८५३ रोजी लिव्हरपूलहून कॅनडाला निघालेले 'ॲनी जेन' जहाज इथे फुटले आणि सुमारे ३५० माणसे बुडाली. त्यांना इथेच पुरले आहे. पुळण इतकी देखणी आहे की, लोक पोहायला जातात आणि स्तंभाकडे पाहायचे राहून जाते. रस्त्याच्या कडेला १९४४ मध्ये कोसळलेल्या कॅटलिना विमानाचे अवशेषही पडून आहेत.

हवा शांत असेल तर कॅसलबेहून होडीने मिंग्युलेला जाता येते. १९१२ मध्ये शेवटची कुटुंबे तिथून निघाली. आता उंच कडे, पफिन पक्षी आणि पडकी घरे. उत्तरेला फेरीबोटीने चाळीस मिनिटांवर एरिस्के. तिथे कवी-धर्मगुरू फादर ॲलन मॅक्डॉनल्ड यांनी बांधलेले १९०३ चे सेंट मायकल चर्च आहे. त्याच्या आवारातली घंटा एका बुडालेल्या जर्मन युद्धनौकेची आहे. या एरिस्केजवळच १९४१ मध्ये व्हिस्कीने भरलेले जहाज खडकावर चढले होते. बेटकऱ्यांनी पेट्या पळवल्या, काहींना तुरुंगही घडला, आणि मॅकेन्झींना कादंबरीचा विषय मिळाला. या गोष्टीचा मी जास्त विस्तार करीत नाही; तरुण मंडळी ती आपोआप शोधून काढतील.

त्या तरुणाला मी एकच विनंती केली. रविवार बॅरावर काढ. मिस्सेला मागच्या बाकावर बस, कॅमेरा खिशात ठेव. नंतर दाराशी कोणी बोलायला आले तर आपल्या गावाविषयी, आपल्या आजीच्या जपमाळेविषयी त्यांना सांग. ऐकायला त्यांनाही आवडेल.

त्याने ओबनहून जाणाऱ्या बोटीचे तिकीट काढले आहे. परत विमानाने येणार म्हणतो. सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचे असेल तर ते जमणार नाही, एक दिवस जादा ठेव, असे मी कळवले आहे. धुके उतरले की ते विमान त्या दिवशी येतच नाही.