डबा मोडला, नोंद कुठे गेली?

नशिराबादच्या महामार्गावर जळगाव-भुसावळ वाहतुकीत लोखंडी पेट्या नेणारे ट्रक दिसतात. पेटीत काय आहे याच्याशी ती उचलणाऱ्या यारीला कर्तव्य नसते. माप ठराविक असले की पुरे. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांचे ‘आयडियल-एक्स’ जहाज अशा ५८ पेट्या घेऊन अमेरिकेतील नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाले. तेथून ही पद्धत जगभर पसरली.

संगणकाच्या आज्ञावलीलाही अशी पेटी मिळाली आहे. आज्ञावलीला लागणाऱ्या सर्व फाइली तिच्यासोबत बांधल्या की ती निरनिराळ्या संगणकांवर सारखीच चालते. २०१३ मध्ये आलेल्या ‘डॉकर’ने हे काम सोपे केले. ते करून पाहू.

साहित्य : डॉकर बसवलेला संगणक, पहिल्या वेळी इंटरनेट. आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टंकताना त्या इंग्रजी अक्षरांत लिहाव्यात.

१. डॉकर रन -आयटी --नेम डबा अल्पाईन एसएच
‘अल्पाईन’ ही लिनक्सची छोटी इमेज, म्हणजे साचा. त्यापासून ‘डबा’ नावाचा कंटेनर तयार होतो व आपण त्याच्या आत जातो.

२. एको ४२ > /नोंद
समजा, हे आजचे तापमान. ‘कॅट /नोंद’ दिल्यास ४२ दिसेल. ‘एक्झिट’ लिहून बाहेर या.

३. डॉकर स्टार्ट -एआय डबा
‘कॅट /नोंद’ पुन्हा द्या. नोंद जागेवरच आहे! डबा फक्त बंद झाला होता. पुन्हा बाहेर या.

४. डॉकर आरएम डबा
आता पहिली आज्ञा परत चालवा. डबा त्याच नावाचा, पण नोंद नाही.

असे का झाले? साचा बदलत नाही. आपण लिहिलेले त्याच्यावरच्या एका पातळ थरात साठते. हा थर त्या एका डब्याचा असतो. डबा काढून टाकला की थरही जातो. शाळेची वर्षभराची तापमाननोंद अशा डब्यात असती आणि कोणी साफसफाई म्हणून ‘आरएम’ दिले असते, तर?

उपाय सोपा आहे. नवा डबा वेगळ्या नावाने तयार करताना ‘अल्पाईन’च्या आधी ‘-व्ही’ लिहा. त्यापुढे बाहेरच्या फोल्डरचा पूर्ण मार्ग, अपूर्णविराम आणि ‘/वही’ हे सलग जोडा. आता आतल्या ‘/वही’त लिहिलेले बाहेरच्या फोल्डरात राहते. डबा मोडला तरी वही शाबूत!

विचार करा : ‘डॉकर पीएस’ फक्त चालू डबे दाखवते, ‘-ए’ जोडल्यास बंद डबेही दिसतात. ‘आरएम’ देण्यापूर्वी ही यादी का पाहावी?