निपाणीचा पाऊस आणि वाळवणीची पेटी

कोल्हापुरी चपलेचं कातडं भिजवल्याशिवाय ठोकता येत नाही, आणि जून ते सप्टेंबर आमच्या निपाणी भागात भिजवलेलं कातडं वाळता वाळत नाही. बाभळीची साल नि हिरडा यांत कमावलेला जाड तळ चार दिवस दमट हवेत राहिला की कडेने पांढुरकी बुरशी धरते. अथणी, मदभावीच्या कारागिरांनाही हे नवं नाही. पूर्वी पावसाळ्यात काम मंदच असायचं. आता श्रावणात पुण्या-मुंबईची ऑर्डर येते आणि माल गणपतीच्या आत हवा असतो. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूरही आले. तेव्हापासून गिऱ्हाईकही चप्पल उलटून, वास घेऊन बघतं. मग घरोघरी कसली ना कसली पेटी उभी राहते.

आमच्याकडे ती दाजींनी उभी केली. पत्र्याची जुनी ट्रंक, तळाशी दोनशे वॅटचे दोन बल्ब, वर लोखंडी जाळी, झाकण घट्ट. सकाळी उघडली तर खालच्या तळांच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या वळल्या होत्या, पाठीवर जाळीचे काळे चौकोन उमटले होते, आणि वरच्या थरातलं कातडं रात्रीपेक्षा जास्त ओलं होतं. झाकणाच्या आतून पाणी ठिबकत होतं. एकाच पेटीत करपलेलंही आणि भिजलेलंही!

ठिबकणारं पाणी सगळ्यात बोलकं. कातड्यातून निघालेली वाफ बाहेर जायला वाटच नव्हती. वाळवतो तो वारा. उष्णता त्याला फक्त कोरडा करते. 25 अंशांची, 90 टक्के आर्द्रतेची पावसाळी हवा 40 अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता 40 टक्क्यांच्या आत येते. एवढं पुरतं, पण ती हवा ओल घेऊन बाहेर पडली पाहिजे. म्हणून खाली एका बाजूला आणि वर समोरच्या बाजूला तळहाताएवढी भोकं हवीत, आणि वरच्या भोकाला कॉम्प्युटरचा जुना पंखा, हवा बाहेर फेकणारा. बिनभोकाची पेटी म्हणजे बुरशीची पैदास.

करपण्याचं कारण वेगळं. ओलं कातडं साधारण 70 अंशांच्या पुढे आकसतं, ते पुन्हा पसरत नाही. पेटीतली हवा चाळीसच असली तरी बल्बच्या तोंडाशी सत्तर सहज होतात. शिवाय वरचा थर भरभर वाळला की आतला, साल-हिरड्यातून आलेला टॅनिन पाण्याबरोबर पृष्ठभागावर येऊन बसतो. रंग काळवंडतो आणि वाकवल्यावर चीर पडते. तेव्हा बल्ब लहान घ्या आणि त्यांच्यावर आडवा पत्रा टाका. अंडी उबवण्याच्या पेटीला लावतात तो थर्मोस्टॅट 38 वर ठेवा. त्याची तार कातड्याच्या उंचीला लोंबू द्या, बल्बजवळ नको.

काळे चौकोन मात्र दाजींना कळेनात. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालून पूर्वी शाई करायचे, हे आमच्या आत्याला ठाऊक होतं. ओला टॅनिन लोखंडाला लागला की तीच शाई होते, आणि ती साबणाने जात नाही. जाळीऐवजी बांबूच्या कामट्या किंवा नायलॉनची दोरी वापरा. तळ एकमेकांना चिकटू देऊ नका.

वाळलं की नाही हे हाताने कळत नाही. बोटांना कोरडं लागतं तेव्हाही आत ओल असते. एक जोड वजनकाट्यावर ठेवा, काही तासांनी पुन्हा ठेवा. वजन उतरायचं थांबलं की लगेच काढा, कारण नको तितकं वाळलेलं कातडं पुढे रापीखाली तुकडे टाकतं. सावकाश चाललंय म्हणून बल्ब वाढवायचा मोह होतो. त्याऐवजी माल कमी भरा.

आता ज्याची मला खरी धास्ती आहे ते. पत्र्याच्या पेटीला अर्थिंग हवंच, ओल्या हाताने आपणच झाकण उघडतो. आणि काही जण पट्टे चिकटवायला सोल्यूशन लावतात, तो माल ताजा असताना पेटीत घालू नका. त्याची वाफ पेट घेते, थर्मोस्टॅटच्या रिलेची ठिणगीही पुरते. तो आधी खोलीत, खिडकी उघडी ठेवून, वास जाईपर्यंत राहू द्या. वीज गेली तर पंखा थांबतो, तेव्हा झाकण सताड उघडून ठेवा. वीज परत येईल म्हणून वाट बघत बसू नका.