कपाटामागची बुरशी

प्रश्न : आमचं घर रत्नागिरीत. दर पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीला काळी बुरशी येते. घरीच काढली तर चालेल का? सासूबाईंना दमा आहे.

उत्तर : डाग साधारण तीन फूट लांब-रुंद जागेपुरता असेल, तर जरूर काढा. मात्र सासूबाईंना त्या दिवशी शेजारी पाठवा. कोरडा झाडू किंवा ब्रश अजिबात फिरवू नका. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू घरभर उडतात आणि दमेकऱ्याला तेच बाधतात. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, चष्मा घाला, खिडकी उघडा, पंखा बंद ठेवा. भिंत आधी ओली करा, मग साबणाच्या पाण्याने घासा. फडकी पिशवीत बांधून टाका. ब्लीच वापरलंच, तर त्यात व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू तयार होतो. गिलाव्यात मुरलेल्या बुरशीवर ब्लीचचा फारसा उपयोगही नसतो.

भिंत पूर्ण सुकल्याशिवाय रंग देऊ नका, पापुद्रे सुटतील. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. तरीही डाग त्याच जागी उमटला, तर बाहेरच्या भिंतीची भेग किंवा गळका पाइप शोधायलाच हवा.