मेंदूतले वाघाचे पट्टे

ब्रेन ट्यूमर म्हटलं की फिल्मवरचा पांढरा गोळा डोळ्यांसमोर येतो. पण गोळ्याऐवजी चक्क पट्टे दाखवणारा एक दुर्मिळ ट्यूमर आहे. १९२० साली लर्मिट आणि डुक्लो या फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून तो 'लर्मिट-डुक्लो'. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा विद्यार्थी, डॉक्टरी माझा प्रांत नव्हे. पण इमेज म्हणजे शेवटी सिग्नलच, म्हणून हा विषय निवडला.

हा ट्यूमर लहान मेंदूत होतो. तिथे निऱ्यांसारख्या बारीक घड्या असतात. या आजारात घड्यांमधला पेशींचा थर बिघडतो, घड्या जाड होतात, पण त्यांची रचना मोडत नाही. पट्टे दिसतात ते याच घड्यांचे.

एम.आर.आय.मध्ये शरीरातल्या हायड्रोजनला रेडिओलहरी देतात (१.५ टेस्लाला साधारण ६४ मेगाहर्ट्झ) आणि परत येणारा सिग्नल मोजतात. टी-१ आणि टी-२ हे आपल्या आर-सी सर्किटसारखेच टाइम कॉन्स्टंट! आता लक्षणं बघू:

१) टी-१ इमेजवर तो भाग गडद दिसतो.
२) टी-२ वर एक उजळ, एक करडा असे समांतर पट्टे दिसतात. हीच मुख्य खूण.
३) गॅडोलिनिअमचं इंजेक्शन दिल्यावरही तो बहुधा उजळत नाही.
४) सी.टी.वर आजूबाजूच्या जाड हाडांमुळे पट्टे सहसा नीट कळत नाहीत.

मात्र लहान मुलांत मेड्युलोब्लास्टोमा हा घातक ट्यूमरही क्वचित असेच पट्टे दाखवतो. त्यामुळे पेशंटचं वय आणि बाकीच्या इमेजेस एकत्र बघाव्या लागतात.

हा ट्यूमर सावकाश वाढणारा, ग्रेड १ चा. तरी मेंदूतल्या द्रवाची वाट अडली की डोकेदुखी, उलट्या, तोल जाणं सुरू होतं. शिवाय मोठ्या माणसांत याचं नातं बऱ्याचदा 'पीटेन' जीनमधल्या दोषाशी, म्हणजे काउडेन सिंड्रोमशी असतं. त्यात स्तन आणि थायरॉइडच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणजे पट्टे वेळीच ओळखले, तर डॉक्टर पुढच्या तपासण्याही वेळीच सुरू करू शकतात.

इमेज प्रोसेसिंगच्या लॅबमध्ये आपण नॉइज घालवायला बिनधास्त स्मूदिंग फिल्टर लावतो. इथे तो जरा जास्त लागला, तर पट्टेच पुसले जातील आणि उरेल तो नुसता गोळा. फिल्टर निवडताना एवढं जरूर आठवा.