बिघाडाचा पंचनामा

चि. बाळ यास,

तुझे पत्र पावले. डेबियन या लिनक्स प्रणालीची ‘टेस्टिंग’ शाखा तू हौसेने लॅपटॉपवर घेतलीस, परवाच्या अपडेटनंतर वायफाय नाहीसे झाले आणि आता डिस्क पुसून सर्व काही नव्याने इन्स्टॉल करण्याचा तुझा मनोदय आहे, हे वाचून मला तुझ्या अडचणीपेक्षा तुझ्या घाईचीच अधिक काळजी वाटली. जो बिघाड समजून न घेता पुसून टाकला, तो पुन्हा कधी दारात उभा राहील याचा नेम नसतो, आणि तेव्हाही आपल्यापाशी त्याचा एकही पुरावा नसतो.

तू घेतलेली शाखा म्हणजे काय, हे आधी ध्यानात घे. नवे पॅकेज प्रथम ‘सिड’ या अस्थिर शाखेत येते, तेथे साधारणतः २ ते १० दिवसांची मुदत काढून, दरम्यान कोणी गंभीर दोष नोंदवला नाही, तरच ते ‘टेस्टिंग’मध्ये दाखल होते, आणि दर सुमारे दोन वर्षांनी ही शाखा गोठवून, दोषांचे निवारण करून, तिचीच स्थिर आवृत्ती प्रसिद्ध होते. जून २०२३ मधील ‘बुकवर्म’ आणि ऑगस्ट २०२५ मधील ‘ट्रिक्सी’ याच वाटेने आल्या. तेव्हा ही शाखा वापरणारा मनुष्य परीक्षकाच्या आसनावर बसलेला असतो, आणि दोष आढळणे हा त्याच्या कामाचाच भाग असतो.

आता वायफायकडे वळू. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा पहिला नियम. लॅपटॉप सुरू होताना ग्रब या बूट-मेनूच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुने कर्नेल दिसेल; त्यावर वायफाय चालले, तर हार्डवेअर निर्दोष असल्याची खातरजमा झाली. मग नव्या कर्नेलवर येऊन ‘डीमेसेज’ ही कर्नेलच्या संदेशांची नोंद काढ आणि फर्मवेअर लोड न झाल्याची ओळ शोध. कर्नेलने कोणती फाइल मागितली आणि ती मिळाली नाही, तिचे नाव त्या ओळीतच लिहिलेले असते. बुकवर्मपासून अशा फाइलींसाठी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा स्वतंत्र विभाग झाला आहे. जुन्या ‘सोर्सेस’ यादीत तो घातलेला नसेल, तर कर्नेल पुढे जाते आणि फर्मवेअर मागेच राहते. परवा नेमके काय बदलले, त्याचा तपशील अ‍ॅप्टच्या ‘हिस्टरी’ फाइलीत तारखेसह मिळेल.

माझ्या हातून घडलेला प्रमादही सांगतो. २०३८ सालानंतर ३२ बिटांच्या यंत्रांवरील कालगणना कोलमडू नये, म्हणून २०२४ मध्ये वेळेचा आकडा ६४ बिटांचा करण्यात आला. त्यापायी शेकडो लायब्ररींची पॅकेजे नव्या नावांनी आली आणि काही काळ परस्परांशी जुळेनात. त्या दिवसांत मी ‘फुल-अपग्रेड’चा हुकूम सोडला, काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी न वाचताच ‘वाय’ दाबले आणि अवघा डेस्कटॉप निघून गेला. यादी डोळ्यांसमोर होती. ती वाचण्यास लागणारी दोन मिनिटे मी दिली नाहीत. त्या दिवसापासून ती यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याखेरीज मी संमती देत नाही.

सूक्ष्म निरीक्षणाचे मोल किती, याचा दाखला त्याच वर्षाच्या मार्चमधला आहे. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेसचे अभियंते ‘सिड’वर वेगाची मोजणी करीत असता, एसएसएचने लॉगिन करण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी त्या विलंबाचा माग काढला, आणि एक्सझेड या संक्षेपण-लायब्ररीच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत कोणी हेतुपुरस्सर घातलेले चोरद्वार उघडकीस आले. त्या आवृत्त्या ‘टेस्टिंग’पर्यंत पोहोचल्या होत्या, पण स्थिर आवृत्तीत त्या शिरण्यापूर्वीच हे संकट टळले.

म्हणून तुला माझे सांगणे एवढेच की, अभ्यासाच्या फाइलींची प्रत आजच दुसऱ्या डिस्कवर काढून ठेव, बिघाडाची नोंद कर, आणि कारण नवे आढळले तर ‘रिपोर्टबग’मधून कर्नेलच्या आवृत्तीसह रीतसर तक्रार दाखल कर, तुझ्यासारखाच लॅपटॉप असलेल्या अनोळखी माणसाचा त्रास त्यामुळे वाचेल. आणि डिस्क पुसण्यापूर्वी ‘डीमेसेज’मधील ती एक ओळ जशीच्या तशी उतरवून मला पाठव.

तुझा,
मामा