अभ्यासपाठ : चौशिंगा आणि पेडेरस

वाचन : उत्पत्ती १:२४-२५; १ करिंथ १२:२२-२५



पावसाळ्यात खांडबाऱ्याजवळच्या एका पाड्यावर घरभेटीला गेले होते. एका मुलाच्या मानेवर भाजल्यासारखा लांबट चट्टा उठला होता. कोणी म्हणाले नागीण, तर कोणी शेजारच्या म्हातारीची नजर. बोट तिच्याकडे गेले, तेव्हा मी घाबरले. अशा बोटांनी आपल्या भागात घरे उठली आहेत.

खरा कारणीभूत होता पेडेरस, म्हणजे रोव्ह बीटल कुळातला सेंटिमीटरभरही नसलेला काळा-नारिंगी किडा. तो चावत नाही, डंखही मारत नाही. रात्री दिव्याकडे येतो, अंगावर बसतो आणि आपण त्याला चिरडतो. त्याच्या अंगातले पेडेरिन नावाचे विष तेव्हा कातडीला लागते. फोड एक-दोन दिवसांनी येतात, म्हणून कारण लक्षात येत नाही. हाच किडा भातशेतात तुडतुडे व मावा खातो.

आता चौशिंगा पाहा. कुरंग कुळातला, सुमारे वीस किलोचा, पानगळीच्या रानात पाण्याजवळ राहणारा. चार शिंगे फक्त नराला असतात. चितळाची शिंगे गळून पुन्हा येतात, याची कायम राहतात. तो लाजाळू, एकटा किंवा जोडीने फिरतो, चाहूल लागताच गवतात दडतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या शिकारीला बंदी आहे.

एक देखणा, दुसरा किळसवाणा. पण दोघेही आपणहून कोणावर चाल करत नाहीत. एकाला आपण शिंगांसाठी नावाजतो, दुसऱ्याला न ओळखताच दोष देतो. आणि तोही नाही सापडला, तर एखाद्या दुबळ्या बाईला. पौल सांगतो की, शरीराचे जे अवयव अशक्त वाटतात तेच गरजेचे असतात. मंडळीत आणि पाड्यावरही हेच खरे.

त्या दिवशी आम्ही दिव्याखाली पडलेला तसाच किडा सर्वांना दाखवला. म्हातारीच्या ओट्यावर बसून चहा घेतला, मगच निघालो.

हे करा : किडा अंगावर बसल्यास चिरडू नका, फुंकर मारून उडवा. चिरडलाच तर जागा साबण-पाण्याने धुवा, तो हात डोळ्यांना लावू नका. डोळा सुजल्यास दवाखाना गाठा. झोपताना दिवा मालवा, मच्छरदाणी लावा.

मननासाठी : आपल्या गावात न ओळखताच कोणाला दोष दिला जातो? या आठवड्यात त्याच्या घरी कोण जाईल?