माळवदाच्या घरात एसी बसेल का?

प्रश्न : अहमदपुरात आमचं जुनं माळवदाचं घर आहे. भिंती दगड-मातीच्या. दीड टनाचा स्प्लिट एसी घेतलाय. कुठे नि कसा बसवावा? – एक वाचक

उत्तर : आतलं युनिट हलकं असतं, पण माती धरत नाही, म्हणून त्याची पट्टी दगडातच पक्की करा. बाहेरचं युनिट मात्र तीस-चाळीस किलोचं, शिवाय थरथरणारं. ते अशा भिंतीवर टांगू नका आणि माळवदावरही ठेवू नका. अंगणात सावलीला विटांचा ओटा बांधा, पंख्यासमोर जागा मोकळी ठेवा.

पाईपचं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं हवं. नाहीतर पाणी भिंतीत मुरेल आणि माती सुटेल. पाईप जोडल्यावर व्हॅक्यूम पंप लावायलाच सांगा. काही कारागीर थोडा गॅस सोडून हवा हाकलतात. हे चालवून घेऊ नका. एसीत आर-३२ गॅस असेल तर तो पेट घेऊ शकतो.

मीटरपासून स्वतंत्र वायर, एमसीबी आणि अर्थिंग हवंच. व्होल्टेज खाली-वर होत असेल तर स्टॅबिलायझर घ्या. २०२० पासून स्टार लेबलचे एसी सुरू होताना २४ अंशांवरच असतात; मे महिन्यातही तिथेच ठेवून पंखा लावा.